उशिरा आलेलं हिव

त्या हिवाळ्यात आमच्या घरच्या गोधड्या पेटीतून निघाल्याच नाहीत. डिसेंबर सरत आला तरी पंखा एकवर चालूच होता, आणि माझे सासरे रोज पहाटे उघड्या अंगानं ओट्यावर बसून थंडीची वाट पाहत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचं माणूस म्हणजे त्यांना नुसता धूर दिसायचा. म्हणून थंडीचा अंदाज ते कातडीनं घ्यायचे. दंडावर काटा उभा राहतो का, हाताची बोटं आखडतात का. मग मला हाक मारायचे, "सूनबाई, तुले हिव वाजून राहिलं का?"

"कुठचं हिव, मामाजी? मले त घाम येऊन राहिला."

सकाळी सकाळी म्हाताऱ्या माणसाला असं तोडून बोलू नये, हे मला कळतं. पण माझ्या माहेरची सगळीच तोंडाची फटकळ. तेल्हाऱ्याकडची कपाशीवाली माणसं आम्ही, बोलणं गोल गोल फिरवायला वेळ नसतो. मामाजी सदरा गळ्यात घालायचे आणि म्हणायचे, "येईन. थंडी कुठं जाते. येईन."

आमचा बगीचा शेंदूरजनाघाटच्या वाटेवर आहे. आहे म्हणायची सवय जात नाही, होता. संत्र्याचा. मामाजींनी माझ्या लग्नाच्या आधी स्वतःच्या हातानं लावलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कपाशी सोडून काही ठाऊक नव्हतं. कपाशी पेरा, निंदा, वेचा, पऱ्हाटी उपटा, झालं मोकळं. संत्र्याचं तसं नाही. त्याचे लाड लहान पोराचे आणि रुसवे जावयाचे. पहिल्या वर्षी तर मला वाटलं, या घरची माणसं येडी आहेत. विहिरीत पाणी, मोटर धड, लाइनही असते, आणि ऐन डिसेंबरात हे लोक झाडांचं पाणी बंद करून बसलेले. पानं मलूल झाली की बाप-लेक खूश. मी नवऱ्याला विचारलं, "काहून जीव घेऊन राहिले झाडाचा?" तेव्हा त्यांनी मला ताण म्हणजे काय ते सांगितलं.

झाडाला सारखं पाणी मिळत गेलं तर ते नुसतं पानं काढत बसतं. त्याला उपाशी ठेवावं लागतं. महिना-दीड महिना तहानेलं राहिलं की त्याची वाढ थांबते, अंगातली ताकद अंगातच साचते, आणि मग एके दिवशी पाणी सोडलं की ते एकदम फुलून येतं. हा आंब्या बहार. पण आमची जमीन काळी, भारी, पुरुषभर खोल. वरून पाणी तोडलं तरी खाली ओल राहतेच, आणि झाड चोरून पीत राहतं. त्याला खरं निजवते ती थंडी. मामाजी म्हणायचे, "आपण फक्त पाणी तोडतो. झोपवते त थंडीच." थंडी चांगली पडली की फेब्रुवारीत अख्खं गाव संत्र्याच्या फुलांनी घमघमायचं. माझ्या पहिल्या बहाराच्या वेळी त्या वासानं माझं डोकं दुखलं होतं, आणि सासूबाई हसल्या होत्या. सासूबाई आता नाहीत.

या घरात ताणाचे कायदे होते. ताण सुरू असताना बगीच्यात पाण्याचा थेंब न्यायचा नाही. प्यायची कॅनसुद्धा नाही. तहान लागली तर बांधावर या, कडुनिंबाखाली डेरा ठेवलाय, तिथं प्या. झाडाच्या देखत पाणी पिऊ नये, झाडाला कळतं म्हणे. मी हसायची, पण पाळायची. दुसरा कायदा याहून कडक. ताण कधी तोडायचा, हा शब्द घरातल्या थोरल्यानं द्यायचा. त्या दिवशी मामाजी पूर्वेच्या पहिल्या झाडाच्या आळ्यात स्वतः एक बादली ओतायचे, बुंध्याशी गुळाचा खडा ठेवायचे, आणि त्यानंतर मोटर चालू व्हायची. माझ्या नवऱ्याचे केस पांढरे व्हायला आले, पण त्यांनी आजवर कधी आपल्या मनानं ताण तोडला नव्हता. कोणी तोडू दिलाही नसता.

तर त्या वर्षी थंडी येईना. दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळला होता, मग ढग बसले. दुपारी मार्चसारखं ऊन आणि पहाटेही अंगावर सुती साडी पुरे. आणि ही काही पहिली वेळ नव्हती. त्याआधीचे दोन बहार असेच हुकले होते. झाडाला चार फुलं इकडे, चार तिकडे. एका रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं बापापुढं बोलून टाकलं, "बाबा, औंदा बहार नाई आला त मी बगीचा काढतो. कपाशी-तूर लावतो. आजूबाजूचे समदे काढून राहिले." मामाजींचा घास हातातच राहिला. मग तो तोंडात टाकून, सावकाश चावून ते म्हणाले, "थंडी येऊ दे. मंग पाहा." बस, एवढंच. त्या दिवसापासून त्या म्हाताऱ्याचा जीव नुसता थंडीवर टांगलेला होता. थंडी आली तर फूल, फूल आलं तर झाडं. नाहीतर नाही.

मला मात्र झाडं दिसत होती आणि त्यांना दिसत नव्हती, सगळा घोळ तिथं होता. पानं आधी मलूल झाली, मग वळली, मग पिवळी पडून गळायला लागली. पानं गळणं ठीक, ताणात थोडी गळतातच. पण जानेवारी लागला तसे शेंडे वाळायला लागले. बारीक फांद्या वरून खाली काळ्या पडत यायच्या. याला इकडे सल म्हणतात, आणि सल लागलेली फांदी परत हिरवी होत नाही. शेजारच्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं. कृषी खात्याचा एक पोरगेला साहेब वाटेनं जाताना थांबून सांगून गेला की आता तोडा, थंडीच्या भरवशावर राहू नका. मामाजी म्हणाले, "तो पगारी माणूस हाय. त्याले काय, आज इथं त उद्या तिथं."

मी एक दिवस वाळलेली फांदी मोडून आणली आणि त्यांच्या हातात दिली. "पाहा मामाजी. झाडं मरून राहिली. अजून किती उपाशी ठेवता?"

त्यांनी ती बोटांनी चाचपली. कडकन मोडली. "तू कपाशीवाल्याची पोरगी. कपाशीले थंडीचं काय कळते?"

"कपाशीले नसन कळत, मले कळते. दोन वर्षांपासून थंडी येत नाई. औंदाबी नाई येणार."

"मी पाहिलेले हिवाळे तू नाई पाहिले."

"तुमी पाहिले ते गेले वो मामाजी, कुठून आणता आता?"

ते मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "पोरी, थंडीबिगर पाणी सोडलं त पानं येतीन. फूल नाई येणार. फूल नाई आलं त पोरगा झाडं उपटाले मशीन आणते. मी काय करू, सांग."

तोपर्यंत मी समजत होते की म्हातारा हट्ट करतोय. तो हट्ट नव्हता. पाणी सोडलं की उत्तर मिळणार होतं, आणि त्यांना ते उत्तर नको होतं. मी नवऱ्याच्या मागे लागले, तुमी तोडा ताण, बापाला नंतर समजावू. ते म्हणाले, "बाबा जिवंत असताना मी बादली ओतू?" आता या माणसाला काय म्हणावं. बगीचा मुळासकट काढायची भाषा बापाच्या तोंडावर करता येते, पण एक बादली पाणी ओतायला हात धजत नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

संक्रांतीनंतर दोनच सकाळी जरा गारवा पडला. धड थंडीही नाही, नुसती हवा उत्तरेकडून आली आणि न्हाणीतलं पाणी हाताला गार लागलं. मामाजी ओट्यावर बसले होते, त्यांनी हाक मारली नाही, स्वतःच उठले आणि भिंत धरून आत आले. दंड पुढं करून म्हणाले, "पाहा. काटा." होता खरा. त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला. मी त्यांना हाताला धरून पूर्वेच्या पहिल्या झाडापर्यंत नेलं. वाटेत वाळलेल्या फांद्या त्यांच्या खांद्याला लागत होत्या आणि ते एकेकीला हातानं बाजूला सारत होते. बादली ओतली. गूळ ठेवला. मोटर सुरू झाल्यावर पाण्याचा आवाज ऐकत ते बराच वेळ तिथंच आळ्याच्या काठावर बसून राहिले. मी म्हटलं, चला आता, ऊन झालं. म्हणाले, "बसू दे."

आणि दोन दिवसांनी हवा पुन्हा तापली.

झाडं फुटली. जी जिवंत होती ती फुटली. कोवळी, पोपटी, लुसलुशीत नवती, डोळे निवावेत अशी. पण इतक्या वर्षांत मलाही पान आणि कळी वेगळी कळायला लागली होती. पानंच पानं होती. मामाजींना झाडाजवळ नेलं. त्यांनी कोंब चिमटीत धरला, उलटसुलट फिरवला, शेजारचा धरला, मग दुसऱ्या झाडाचा. कितीतरी वेळ हेच. माझे पती जरा लांब उभे होते, खिशात हात घालून.

"बोटाले त पान लागते," मामाजी म्हणाले. "पण बोटाचा काय भरवसा. अजून बारीक हाय. मांगून कळी निघते कधी कधी." मग ते लेकाच्या दिशेनं वळले. दिशा थोडी चुकली, ते बांधावरच्या चिंचेकडे पाहून बोलले. "मी डोळे करून येतो. अकोल्याले बाई कवाची बोलावून राहिली. मी येईपर्यंत थांब. मले एकदा डोळ्यानं पाहू दे. पान असन त मीच सांगीन, काढ म्हणून."

"थांबतो बाबा," हे म्हणाले.

अकोल्याला माझी नणंद असते. ऑपरेशनची गोष्ट कित्येक वर्षं चालली होती, आणि मामाजी दरवर्षी म्हणायचे, बहार झाल्यावर पाहू. या वेळी ते स्वतः पिशवी भरून बसले. थेंब टाकायला, जेवू घालायला मी सोबत गेले. आधी एक डोळा झाला, मग थोड्या दिवसांनी दुसरा करायचा ठरला. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही. मामाजी म्हणाले, "मी कायले रडतो बाप्पा?" काळा चष्मा लावून ते नणंदेच्या गॅलरीत बसायचे आणि पहिल्या डोळ्यानं रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायचे. एवढ्या वर्षांत काही वाचायचं राहून गेल्यासारखे वाचायचे. मला फार बरं वाटायचं त्यांना तसं पाहून.

दुसरा डोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडी आली.

फेब्रुवारी लागून गेला होता. थंडीचे दिवस उलटले होते, लोकांनी कूलरची गवतं बदलायची बोलणी सुरू केली होती, आणि अशात ती आली. आली ती खरीखुरी. अकोल्यासारख्या भट्टीच्या गावात माणसं मफलर बांधून निघाली, चौकात टायर पेटवून शेकत बसली. नणंदेनं पेटीतून रग काढले. मामाजींनी अंगावरची शाल काढून ठेवली आणि दंड चोळत बसले. चेहरा असा काही उजळला होता की मी आजपर्यंत तो चेहरा त्यांच्या नातवांच्या बारशालाही पाहिला नव्हता. "आली," ते म्हणाले. "म्हणलं होतं ना. झाडाले ओल हाय, आता थंडी भेटली. पंधरा दिवसांत पाहा. लाव फोन त्याले."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"हॅलो, बाबा." हे ओरडून बोलत होते. मागे मोठा घरघराट चालू होता.

"हिव पडलं रे इकडं. तिकडं?"

"पडलं बाबा. सकाळी लय होतं."

"मंग आता फुटते. पाणी हलकं हलकं दे. एकदम नको सोडू, नाईतर..." आणि ते थांबले. घरघराटात टीं टीं टीं असा आवाज येत होता, मशीन मागे सरकताना येतो तसा. मग काहीतरी मोडल्याचा आवाज, लांबलचक.

मला कळलं.

"कोणाच्या वावरात चालून राहिलं ते मशीन?" मामाजींनी विचारलं.

फोनवर नुसता आवाज. कुणीतरी तिकडे हाका मारत होतं, थोडं डाव्या अंगाला घे म्हणून.

"आपल्या, बाबा."

मामाजींनी फोन दोन्ही हातांत धरला होता. मी हातात कापूस घेऊन उभी होते, डॉक्टरांचं बोलणं आठवत, की आता डोळ्यांतून पाणी आलं तर काय करायचं. आलं नाही. ते म्हणाले, "उत्तरेच्या धुऱ्याजवळून विहिरीचा पाइप गेला हाय. हातभर खाली. त्याले सांग, नाईतर फुटन." आणि फोन माझ्याकडे दिला.

मी जिन्यात जाऊन पुन्हा फोन लावला आणि नवऱ्याला तोंडाला येईल ते बोलले. शब्द दिला होता ना तुमी? चार दिवस थांबले असते तर आभाळ कोसळणार होतं का? म्हाताऱ्यानं दुसरं काय मागितलं होतं? ते म्हणाले, मशीन बाजूच्या बगीच्यात आलं होतं, परत केव्हा मिळालं असतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, हे कारण मले नका सांगू. मग म्हणाले, "बाबाले दिसाले लागल्यावर माझ्याच्यानं झाडं काढणं झालं नसतं."

मी भांडायला गेले होते. भांडण तिथंच राहिलं, मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. मला डॉक्टरांनी मना केलं नव्हतं.

आम्ही घरी परतलो तेव्हा थंडी सरून उन्हं पुन्हा चटकायला लागली होती. मामाजींना सगळं स्वच्छ दिसत होतं. वरूडच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी लांबूनच दुसऱ्या बसच्या पाट्या वाचल्या. स्टँडवर घ्यायला हे आले नाहीत, कुणा शेजाऱ्याला गाडी घेऊन पाठवलं होतं. बगीचा होता तिथं नुसती काळी जमीन, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपटलेल्या झाडांचा ढीग, मुळं वर करून पडलेला. मी म्हटलं, मामाजी, आधी घरी चला. ते ऐकायला थांबलेच नाहीत. ढेकळांतून, कुणाचा हात न धरता, सरळ त्या ढिगाकडे गेले. मला तो जुना माणूस चालताना दिसला, मी लग्न होऊन आले तेव्हा होता तो.

ढिगाच्या खालच्या अंगाला काही झाडं अर्धवट मातीत रुतून राहिली होती. एकदोन मुळं जमिनीत असतील. त्यांच्या फांद्यांना पांढरं काहीतरी लागलं होतं. मला आधी वाटलं, धूळ.

मामाजींनी फांदी वाकवून डोळ्यांजवळ धरली. काळा चष्मा काढला. मी म्हटलं, उन्हात चष्मा काढू नका. ते पाहत राहिले. मग फांदी माझ्यापुढं केली, मी मागं वाळलेली फांदी त्यांच्यापुढं केली होती तशी रागानं नाही, नीट, दाखवायला. "कळी हाय," ते म्हणाले. "पान नाई. पाहून घे."

कळीच होती. मोत्यासारखी टपोरी, कुठं कुठं उमललेली. वास यायला लागला होता.

संध्याकाळी हे घरी आले. बाप-लेक समोरासमोर जेवले. मामाजींनी त्यांना पाइपाचं विचारलं, त्यांनी फुटला नाही म्हणून सांगितलं, आणि मामाजी उठून झोपायला गेले. कळीचं एक अक्षर बोलले नाहीत. मग यांनी मला विचारलं, मी भांडी उचलत असताना, माझ्याकडे न पाहता, "शेजारी सांगून राहिला, बाबा धुऱ्यावर गेले होते म्हणे. खरंच कळी होती?"

नाही म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती.

"कळीच होती," मी म्हटलं. "जाऊन पाहा."

ते गेले नाहीत. सारा उन्हाळा तो ढीग तिथं वाळत पडला, गावातल्या बायांनी सरपणाला फोडून नेला, तोवर त्यांनी त्या धुऱ्याकडे पाऊल टाकलं नाही.